इंजिनचा पिवळा दिवा लागला, आता?

दिंडोरी मागे पडली होती. वणीच्या रस्त्याला सप्तशृंगीचा डोंगर समोर दिसायला लागतो, त्या सुमाराला काट्यांच्या मधोमध एक छोटा पिवळा दिवा लागला. इंजिनचं चित्र असलेला. गाडी अगदी नेहमीसारखी चालत होती. झटका नाही, वेगळा आवाज नाही, पिकअपही तसाच. शेजारी आई बसलेली. "काय रे ते?" तिने विचारलं. "काही नाही," मी म्हणालो आणि पुढचे काही किलोमीटर रस्त्यापेक्षा त्या दिव्याकडेच जास्त बघत गाडी चालवली. गड चढावा की इथूनच नाशिकला परत फिरावं, हे ठरवता येईना. शेवटी फिरलो. आईचं दर्शन राहिलं.

तेव्हा जे माहीत असायला हवं होतं, ते इथे लिहितोय. २०२५ मध्ये पंपांवर जवळपास सगळीकडे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं आणि तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर चार दिवसांनी कुणीतरी याच दिव्याचा फोटो टाकतं. खाली ठरलेली उत्तरं येतात: "इथेनॉलमुळे झालंय", "बॅटरीची वायर काढून परत लाव", "सेन्सर गेला असेल, बदलून टाक". यातला एखादा सल्ला कधी कधी बरोबरही निघतो. पण गाडी न तपासता तो मानला की हजारो रुपये पाण्यात जातात. माझे गेले.

दिवा मुळात कशासाठी आहे?

हा दिवा लागला म्हणजे इंजिन बसणार, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर त्याचा जन्म धुरापायी झाला. अमेरिकेत, त्यातही कॅलिफोर्नियात, गाड्यांच्या धुराने शहरांवर काळपट थर साचायला लागला, तेव्हा तिथल्या सरकारने कंपन्यांना सांगितलं की गाडीने स्वतःच्या धुरावर स्वतःच नजर ठेवली पाहिजे आणि काही बिघडलं तर चालवणाऱ्याला सांगितलं पाहिजे. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कार्सना ही सोय एकाच ठरावीक पद्धतीने देणं सक्तीचं झालं. तिला ओबीडी म्हणतात, म्हणजे गाडीतच बसवलेली तपासणी यंत्रणा. आपल्याकडे बीएस-४ (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाड्यांच्या धुराचे सरकारी निकष) कार्सना तिची दुसरी, जास्त कडक आवृत्ती २०१३ पासून लागू झाली. २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि नियम आणखी आवळले. एप्रिल २०२३ पासून दुचाक्यांनाही ओबीडी-२ आलं. त्यामुळे नव्या स्कूटरवर तसाच दिवा दिसला तर दचकू नका, हे तेच प्रकरण आहे.

जन्मकथा सांगायचं कारण असं की तिच्यातून दोन गोष्टी आपोआप उलगडतात. एक, गाडी मस्त चालत असतानाही दिवा लागू शकतो, कारण त्याचं लक्ष धुरावर असतं. दुसरी, ब्रेक घासले, क्लच संपत आला, टायर गुळगुळीत झाले, तर हा दिवा अवाक्षर काढत नाही. दिवा लागलेला नाही म्हणजे गाडी ठणठणीत, असं धरून चालणारे लोक मी पाहिलेत. ते धोक्याचं आहे.

गाडी स्वतःवर नजर ठेवते कशी?

आमटी करताना मीठ आधी अंदाजाने घालतात. मग पळीभर चाखून कमी-जास्त करतात. इंजिनचा संगणक, ज्याला मिस्त्री लोक ईसीएम म्हणतात, अगदी हेच करतो. आत किती हवा आली ते मोजून तो अंदाजाने पेट्रोल फवारतो. मग सायलेन्सरच्या पाइपात, इंजिनजवळ बसवलेला ऑक्सिजन सेन्सर जळून आलेला वायू चाखतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. धुरात प्राणवायू जास्त उरला तर पेट्रोल कमी पडलं, अजिबात उरला नाही तर जास्त झालं. ईसीएम त्याप्रमाणे पुढचा फवारा वाढवतो किंवा घटवतो आणि हे सतत, गाडी चालू असेपर्यंत चालतं.

या कमी-जास्त करण्याला फ्यूएल ट्रिम म्हणतात. पुढे तो शब्द लागणार आहे म्हणून लक्षात ठेवा. पाच-सात टक्के इकडे-तिकडे होणं रोजचंच असतं. पण समजा नेहमीपेक्षा पावपट जास्त मीठ घालूनही आमटी अळणीच लागतेय. मग शहाणी बाई मीठ घालायचं थांबवते आणि विचार करते, की पाणी जास्त झालं का, की माझ्याच जिभेची चव गेलीय? ईसीएमही साधारण २५ टक्क्यांच्या आसपास हात टेकतो आणि दिवा लावतो.

तो उतावळाही नसतो. बऱ्याच दोषांच्या बाबतीत पहिल्यांदा संशय आला तर ईसीएम फक्त आपल्या वहीत नोंद करतो; गाडी बंद करून पुन्हा चालवल्यावर दुसऱ्यांदाही तेच दिसलं की मग दिवा लागतो. पुढे लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की दिवा आपोआप विझतो. वहीतली नोंद मात्र थंड इंजिन साधारण ४० वेळा गरम होईपर्यंत टिकते. म्हणजे "दिवा आपोआप गेला, आता काय बघायचं?" याचं उत्तर असं की वही अजून तिथेच आहे, वाचून घ्या.

रस्त्यात दिवा लागला तर पहिल्या मिनिटात काय बघायचं?

आधी रंग. तेलाच्या झारीचं किंवा थर्मामीटरचं लाल चित्र दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा, गाडी सुरक्षित जागी घ्या आणि इंजिन बंद करा. ऑइल प्रेशर नसताना दोन-चार किलोमीटर गाडी रेटली तर इंजिन खोलायची पाळी येऊ शकते.

इंजिनचं पिवळं चित्र असेल आणि ते स्थिर जळत असेल, तर सहसा प्रवास पुरा करता येतो. गाडी ओढतेय ना, तापमानाचा काटा जागेवर आहे ना, पेट्रोलचा वास येत नाही ना, एवढं बघायचं. त्या दिवशी माझा दिवा स्थिर होता आणि बाकी सगळं ठीक होतं. आम्ही गडावर जाऊन आलो असतो तर काही बिघडलं नसतं. कधी कधी दिव्यासोबत गाडीची ताकद एकदम कमी होते, ॲक्सिलरेटर दाबला तरी ती ठरावीक आरपीएमच्या वर जात नाही. ही ईसीएमने मुद्दाम केलेली अडवणूक असते, इंजिन वाचवायला. मिस्त्री त्याला लिंप मोड म्हणतात. अशी गाडी घेऊन कसारा घाटात ट्रकांच्या रांगेत शिरू नका. हळू चालवत जवळचं गॅरेज गाठा.

आणि पिवळा दिवा लुकलुकत असेल, तर गोष्ट वेगळी आहे.

लुकलुकणाऱ्या दिव्याची एवढी घाई का?

पालखीचे चार भोई एका लयीत चालत असतात. एकाचं पाऊल चुकलं की पालखी त्याच्या बाजूला क्षणभर कलते आणि आत बसलेल्याला ते लगेच कळतं. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर आपली पाळी आली की क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, एक धक्का देतो. एखाद्यात पेट्रोल पेटलंच नाही तर शाफ्ट त्या क्षणी किंचित मंदावतो. शाफ्टशेजारी बसलेला सेन्सर हा फरक पकडतो, आणि कुणाची पाळी होती हे माहीत असल्याने कोणता भोई चुकला तेही ईसीएमला कळतं. याला मिसफायर म्हणतात.

न जळलेलं पेट्रोल मग जातं कुठे? सरळ सायलेन्सरच्या वाटेला. तिथे कॅटलिटिक कन्व्हर्टर असतो. मधाच्या पोळ्यासारख्या भोकाभोकांची विटकर, वर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महाग धातूंचा पातळ थर. विषारी वायू त्याच्यावरून जाताना निरुपद्रवी होतात. तिथे कच्चं पेट्रोल पोचलं की ते त्या पोळ्यातच पेटतं, आणि तापमान इतकं चढतं की वीट वितळून भोकं बुजतात. ठिणगी पाडणाऱ्या कॉईलचा किंवा प्लगचा खर्च आणि कन्व्हर्टरचा खर्च यांची तुलनाच होत नाही. दिवा लुकलुकतो तो याच धोक्यासाठी: आत्ता, या क्षणी कन्व्हर्टर जळतोय.

म्हणून पाय उचला, एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या. लुकलुकणं थांबून दिवा स्थिर झाला तर अगदी सावकाश, चढ टाळत, जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येईल. थांबत नसेल तर टोचन करून न्या. टोचनाचे पैसे वाचवायला गेलेल्या गाडीचा कन्व्हर्टर कापून बघितल्यावर आत पोळ्याऐवजी काळा गोळा निघालेला मी पाहिलाय.

कोड वाचायचा कसा?

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर, १६ पिनांचं एक सॉकेट असतं. वाकून हात फिरवला की लागतं. गॅरेजवाला स्कॅनर लावतो तो इथेच. काडेपेटीएवढा ब्लूटूथ अडॅप्टर हजार रुपयांच्या आसपास मिळतो, तो लावून मोबाइलवरच्या ॲपमध्ये तोच कोड तुम्हालाही वाचता येतो. स्वस्तातल्या अडॅप्टरने एअरबॅग किंवा एबीएसचे कोड बहुतेकदा दिसत नाहीत, पण इंजिनचे दिसतात, आणि आपल्याला तेवढंच हवंय. काम झालं की तो काढून ठेवा. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर तो बॅटरी पीत बसतो.

कोड म्हणजे एक इंग्रजी अक्षर आणि पुढे चार खुणा, बहुतेकदा अंकच. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स. पुढचा अंक शून्य असेल तर तो सगळ्या कंपन्यांना सामाईक कोड. एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, आणि त्याचा अर्थ दुसऱ्या कंपनीच्या गाडीवरून काढू नये. तिसरी जागा विभाग सांगते: एक आणि दोन म्हणजे हवा-इंधन, तीन म्हणजे ठिणगी आणि मिसफायर, चार म्हणजे धूर शुद्ध करणारी यंत्रणा. पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी-०३०३ म्हणजे तिसऱ्यात. इतकं सोपं आहे.

कोडच्या बरोबर आणखी एक चीज साठवलेली असते आणि तिच्याकडे फार थोडे लोक बघतात. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. दोष नोंदला गेला त्या क्षणी वेग किती होता, आरपीएम किती, इंजिन किती तापलं होतं, सगळं फोटो काढल्यासारखं तिथे असतं. दोष थंड इंजिनवर सकाळी येतो की घाटात ताण पडल्यावर, हे त्यातून समजतं. माझ्या मते कोडइतकीच ही माहिती मोलाची आहे. कोड पुसला की ती कायमची जाते.

कोड म्हणजे तक्रार, निदान नव्हे

आता माझी गोष्ट पुरी करतो. नाशिकला आल्यावर एका मोठ्या, चकचकीत गॅरेजमध्ये गाडी दाखवली. मुलाने स्कॅनर लावला, पी-०१३५ आला, तो म्हणाला, "ओटू सेन्सर गेलाय." दुपारपर्यंत नवा सेन्सर बसला, दिवा गेला, बिल भरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मायको सर्कलच्या सिग्नलला उभा असताना तोच दिवा पुन्हा लागला.

या वेळी अंबडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी स्कॅनरला हात लावायच्या आधी विचारलं, "भाऊ, मधी गाडी कुठं उभी होती?" मी आठवून सांगितलं: निफाडला मामांकडे, दहा-बारा दिवस, कांदाचाळीशेजारच्या शेडमध्ये. शेजारी मक्याची पोती. "मंग बॉनेट उघडा," ते म्हणाले.

पी-०१३५ चा पूर्ण अर्थ आहे "पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष". हा सेन्सर गरम झाल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटात छोटा हीटर असतो. पण सर्किट म्हणजे नुसता हीटर नव्हे. फ्यूज, वायर, कप्लर (वायरींचा सोडवता येणारा जोड), हीटर आणि ईसीएम असा तो सगळा फेरा आहे. मिस्त्रींनी सेन्सरचा कप्लर सोडवला, मीटर लावला. सेन्सरच्या बाजूने काही ओहमचा रोध दाखवला, म्हणजे हीटर शाबूत. मग वायरिंगच्या बाजूने बघितलं: चावी चालू करून इंजिन सुरू केलं तरी १२ व्होल्ट येतच नव्हते. त्यांनी वायरवरची काळी नळी बोटांनी दाबत दाबत मागे नेली आणि एका जागी थांबले. नळी तिथे कुरतडलेली होती, आत पांढरी वायर तुटून तिचे तांब्याचे केस बाहेर आले होते. शेजारीच मक्याची दोन टरफलं. वायर जोडून, डाग देऊन, वर नळी चढवायला त्यांना पंधरा-वीस मिनिटं लागली. जुना सेन्सर ठणठणीत होता. तो मला पहिल्या गॅरेजने परत दिलाच नव्हता.

"पोट दुखतंय" ही तक्रार आहे. ती ऐकून कुठलाही डॉक्टर थेट अपेंडिक्स काढत नाही. कोडचंही तेच आहे. मशीनने त्याला जे जाणवलं ते सांगितलं. का झालं, हे शोधायचं काम माणसाचं आहे आणि ते मीटर, डोळे आणि योग्य प्रश्न यांनीच होतं. पावसाळ्यात नाशिक-इगतपुरी पट्ट्यात कप्लरात पाणी जाऊन पिना हिरव्या पडतात, शेताजवळ गाडी लावणाऱ्यांकडे उंदीर येतात. दोन्ही वेळा कोडमध्ये नाव मात्र सेन्सरचंच येतं.

नेहमी भेटणारे कोड

मिसफायर असेल आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉईल असेल, तर एक सुंदर, फुकटची चाचणी आहे. समजा पी-०३०१ आलाय. पहिल्या सिलिंडरची कॉईल काढून दुसऱ्यावर लावायची, दुसऱ्याची पहिल्यावर. कोड पुसून गाडी फिरवायची. आता पी-०३०२ आला तर दोष कॉईलसोबत सरकला, म्हणजे कॉईलच खराब. पी-०३०१ च राहिला तर कॉईल निर्दोष, मग तशीच प्लगची अदलाबदल करायची, मग इंजेक्टरकडे वळायचं, शेवटी कॉम्प्रेशन. हे न करता चारही कॉईल बदलायला सांगणारा मिस्त्री तुमच्या पैशाने अंदाज बांधतोय.

पी-०१७१ म्हणजे मिश्रण अळणी: हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. इथे फ्यूएल ट्रिम कामाला येतो. ॲपमध्ये तो बघा, आधी गाडी उभी असताना, मग अडीच हजार आरपीएमला. उभ्या गाडीत २० टक्क्यांच्या पुढे आणि आरपीएम वाढवल्यावर खाली येत असेल, तर कुठेतरी रबरी पाइप फाटलाय आणि न मोजलेली हवा आत शिरतेय. आरपीएम वाढल्यावर आत येणारी एकूण हवा इतकी वाढते की तेवढी गळती फारशी जाणवत नाही. उलट, आरपीएम आणि ताण वाढेल तसा आकडा चढत असेल, तर पेट्रोल पोचत नाहीये: पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर.

पी-०४२० ला लोक सगळ्यात जास्त घाबरतात, कारण तो म्हणतो की कॅटलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. ईसीएमला हे कसं कळतं? पाण्याच्या फिल्टरच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे एक-एक घोट घेऊन बघावा तसं. कन्व्हर्टरच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर, मागे दुसरा. पुढचा सतत वर-खाली नाचतो, मागचा शांत असायला हवा. मागचाही पुढच्यासारखाच नाचायला लागला की कोड येतो. पण सायलेन्सरच्या जोडाला तिथेच गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मागच्याची चव बिघडते. म्हणून कन्व्हर्टरचं कोटेशन ऐकायच्या आधी गळती तपासून घ्या आणि गाडीत आधी मिसफायर होता का हेही विचारा. असेल तर नवा कन्व्हर्टरही तसाच जळेल.

मग ई-२० मुळे दिवा लागतो का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, म्हणून जरा हिशेबाने बघू. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच प्राणवायू असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते: एक किलोला साधारण ९ किलो. शुद्ध पेट्रोलला १४.७. दहा टक्के मिश्रणाला १४.१ च्या आसपास, वीस टक्क्यांना १३.५ च्या आसपास. म्हणजे ई-१० वरून ई-२० वर आल्यावर तेवढ्याच हवेत ईसीएमला साधारण चार टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. ॲव्हरेज थोडं पडतं ते यामुळेच, कारण लिटरमागे ऊर्जाही कमी मिळते.

चार टक्के ही दुरुस्ती ऑक्सिजन सेन्सर असलेली धडधाकट गाडी सहज पचवते. पण एखाद्या जुन्या गाडीचा ट्रिम आधीच १८-२० वर रेंगाळत असेल, फाटका पाइप किंवा थकलेला पंप असेल, तर हेच चार टक्के तिला उंबरठ्यापलीकडे ढकलतात आणि दिवा लागतो. इथेनॉल निमित्त झालं, दुखणं आधीचंच होतं. ते दुखणं शोधायचं सोडून पेट्रोलला शिव्या देत बसलो तर पाइप फाटकाच राहतो. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील यांवर इथेनॉलचा परिणाम होतो ही चिंता रास्त आहे, आणि दहा-बारा वर्षं जुनी गाडी असेल तर इंधनाच्या नळ्या एकदा तपासून घ्याव्यात. पण "ई-२०, म्हणून दिवा" एवढ्यावर तपास संपवू नका.

डिझेलवाल्यांसाठी थोडं वेगळं

मायको सर्कल ज्या कंपनीच्या नावाचं आहे, तिने डिझेलची नोझल आणि इंजेक्टर बनवून या गावातली किती घरं चालवली! त्यामुळे डिझेल इंजिन आपल्याला परकं नाही. पण बीएस-६ डिझेलमध्ये एक नवा पाहुणा आलाय, डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. जाळी भरत आली की गाडी स्वतःच धुराचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेऊन काजळी जाळून टाकते. त्यासाठी तिला काही वेळ सलग, बऱ्या वेगाने धावायला मिळावं लागतं.

गंगापूर रोडवरून कॉलेज रोडला मुलांना सोडायचं आणि परत यायचं, एवढीच जिची रोजची धाव, त्या गाडीत ही सफाई दर वेळी अर्धवट राहते. मग जाळीचा दिवा लागतो आणि दुर्लक्ष केलं तर इंजिनचाही. आधीच्या टप्प्यात, फक्त जाळीचा दिवा असताना, गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे घोटीच्या किंवा सिन्नरच्या दिशेला हायवेवर पंधरा-वीस मिनिटं एका लयीत चालवून आणली की बहुतेकदा काम होतं. सगळा वापर शहरातच असेल तर डिझेल गाडी घेऊ नका, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो.

"बॅटरीची वायर काढली की जातो ना?"

जातो. दाराची बेल काढून टाकली की पाहुणे वाजवत नाहीत, तसा. कोड, फ्रीझ फ्रेम आणि गाडीने शिकून ठेवलेले ट्रिमचे आकडे, बऱ्याच गाड्यांत सगळंच पुसलं जातं. दोष असेल तर दोन-चार दिवसांत दिवा परत येतो, आणि मिस्त्रीला धागा सापडायला जास्त वेळ लागतो. आधी कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. दुरुस्ती झाल्यावर मगच पुसा.

तसाच दुसरा सल्ला इंग्रजी व्हिडिओंमधून आलाय: पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट लावा. अमेरिकेतल्या गाड्या टाकीतून वाफ गळतेय का ते तपासतात, म्हणून तिथे सैल झाकणाने खरंच दिवा लागतो. आपले नियम युरोपच्या वळणाचे आहेत, त्यात ही गळतीची तपासणी सहसा नसते. झाकण घट्ट असावंच, पण दिवा त्याने विझेल अशी आशा ठेवू नका.

जुनी गाडी घेताना

चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. इंजिनचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे. तो बल्ब शाबूत असल्याची खूण आहे. इंजिन सुरू झाल्यावर तो विझला पाहिजे. चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तर कुणीतरी तो काढलाय किंवा झाकलाय, आणि का ते वेगळं सांगायला नको.

दुसरी तपासणी अडॅप्टरने करायची. कोड नसले तरी ॲपमध्ये तयारीची यादी बघा, इंग्रजीत तिला रेडिनेस म्हणतात. गाडीने आपल्या कोणकोणत्या चाचण्या पुऱ्या केल्या ते तिथे दिसतं. बऱ्याच चाचण्या अपुऱ्या दाखवत असेल, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. विकणाऱ्याला म्हणा, आठवडाभर चालवून परत दाखवा.

गॅरेजमध्ये काय बोलायचं?

आपल्याकडे मिस्त्रीला प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं मानतात. माझा अनुभव उलट आहे. ज्याला काम येतं त्याला नीट सांगणारं गिऱ्हाईक आवडतं. दिवा कधी लागला, इंजिन थंड होतं की गरम, पाऊस होता का, आधी कुठलं काम झालं, गाडी कुठे उभी असते, पेट्रोल कधी भरलं, एवढं सांगा. अंबडच्या मिस्त्रींना दोष सापडला तो या शेवटून दुसऱ्या प्रश्नात.

मग तीन गोष्टी मागा. कोड कागदावर लिहून द्या. हा भाग खराब आहे हे कशावरून ठरवलं, मीटरवर किती आकडा आला, ते दाखवा. आणि भाग बदललात तर जुना माझ्या हातात द्या, पिशवीत घालून.